गाळा उघडा, पण पत्ता हरवलेला

पुणे येथील गुलटेकडीच्या मार्केट यार्डात फळांची व भाजीपाल्याची आवक रविवारी इतर वारांच्या मानाने मोठी असते. पुरंदर तालुक्यातील अंजीर-सीताफळाच्या बागायतदाराला आपला माल शनिवारी संध्याकाळी भरावयाचा की आणखी एक दिवस थांबावयाचे, हे ठरवितांना आदल्या दिवसाचा भाव हाताशी असावा लागतो. अंजिरासारखे नाजूक फळ तोडल्यानंतर फार काळ वाट पाहू देत नाही. अंदाज चुकला तर टेम्पोच्या भाड्यासह त्याची किंमत शेतकऱ्यालाच मोजावी लागते. एके काळी ही माहिती बाजार समितीच्या फलकावरून, वृत्तपत्रांतून आणि आकाशवाणीच्या बाजारभावांतून मिळे. २३ मार्च १९८४ रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळाचे कार्यालय याच मार्केट यार्डात आहे, आणि राज्यातील बाजार समित्यांमधील आवक व भाव आता मंडळाच्या संकेतस्थळावर रोज पाहावयास मिळतात.

हा झाला साऱ्या बाजाराचा भाव. परंतु आपल्या मालाचे वजन किती भरले, तो कोणत्या दराने गेला, हमाली-तोलाई किती वजा झाली, हे ज्या कागदावर लिहिलेले असते ती पट्टी पेढीकडेच असते. समजा, फळ विभागातील एखाद्या अडत्याने ही पट्टी शेतकऱ्याला घरबसल्या पाहता यावी म्हणून स्वतःचे संकेतस्थळ सुरू केले. त्यासाठी बाहेरच्या कंपनीकडे जागा भाड्याने न घेता गाळ्याच्या पोटमाळ्यावरील संगणकालाच त्याने सर्व्हर केले. हिशेब आपल्या घरात राहतो आणि दर वर्षीचे भाडे वाचते, हे त्यामागील दोन सरळ विचार. काही महिने सर्व सुरळीत चालते आणि एका शनिवारी रात्री सासवडहून दूरध्वनी येतो, “भाऊ, तुमची पट्टी उघडत नाही.” इकडे गाळ्यातील संगणक चालू आहे आणि त्याच्या पडद्यावर संकेतस्थळ व्यवस्थित दिसत आहे. पट्टी मुद्दामच झाकून ठेवली असावी, अशी शंका शेतकऱ्याच्या मनात येण्यास एवढे पुरेसे होते.

प्रत्यक्षात अशा वेळी बिघाड बहुधा संगणकातही नसतो आणि शेतकऱ्याच्या मोबाईलमध्येही नसतो. तो या दोहोंच्या मधल्या वाटेवर असतो. ती वाट कशी आखलेली आहे हे एकदा ध्यानात आले, म्हणजे दोष कोठे आहे हे शोधण्यास फारसा वेळ लागत नाही.

नावापासून क्रमांकापर्यंत

सांगोल्याहून डाळिंबे घेऊन प्रथमच आलेला ट्रकचालक मार्केट यार्डाच्या प्रवेशद्वारापाशी पेढीचे नाव सांगतो. द्वारावरील माणसाला प्रत्येक पेढी ठाऊक असण्याचे कारण नाही. तो फळ विभागाकडे बोट दाखवितो. त्या विभागातील हमाल गाळ्यांची ओळ दाखवितो आणि ओळीतला शेजारी गाळ्याचा क्रमांक सांगतो. माल शेवटी उतरतो तो क्रमांकावर. नाव केवळ माणसाच्या सोयीचे.

इंटरनेटवरील व्यवस्था याहून फार निराळी नाही. प्रत्येक जोडणीला एक क्रमांक असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. संकेतस्थळाचे नाव टाइप केले की मोबाईल प्रथम आपल्या इंटरनेट कंपनीच्या नाम-सर्व्हरला त्या नावाचा क्रमांक विचारतो. त्याला तो ठाऊक नसेल तर तो जगातील मूळ सर्व्हरांकडे जातो. हे ए ते एम अशा तेरा नावांनी ओळखले जातात. मूळ सर्व्हर ‘डॉट इन’ या शाखेकडे पाठवितो, ती शाखा त्या विशिष्ट नावाची नोंद जेथे ठेवली आहे तो सर्व्हर दाखविते, आणि तेथे अखेर क्रमांक मिळतो. या संपूर्ण रचनेस डोमेन नेम सिस्टिम अथवा डीएनएस असे नाव आहे.

ही रचना आरंभापासून नव्हती. अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावर प्रारंभी सर्व संगणकांची नावे व क्रमांक एकाच फाईलमध्ये लिहिलेले असत. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती यादी सांभाळली जाई आणि इतरांनी ती वेळोवेळी उतरवून घ्यावयाची असे. जाळे वाढले तशी यादी अपुरी पडू लागली. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची जबाबदारी शाखा-उपशाखांमध्ये वाटून देणारी डीएनएसची योजना मांडली. भारताची ‘डॉट इन’ ही शाखा १९८९ साली निर्माण झाली, आणि आरंभी तिचे काम मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होते. आज ते नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया या संस्थेकडे आहे. देवनागरीतील ‘डॉट भारत’ ही शाखा ऑगस्ट २०१४ मध्ये खुली झाली, व मराठी ही तिच्या पहिल्या भाषांपैकी एक. पेढीने देवनागरी नाव घेतले असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. यंत्र ऱ्हस्व-दीर्घाची चूक पोटात घालीत नाही. ‘पेढी’ऐवजी ‘पेढि’ लिहिले तर ते त्याच्या लेखी संपूर्ण वेगळे नाव ठरते. शाळेतील गुरुजींनी जे साधले नाही ते या व्यवस्थेने साधले, असे कोणी म्हटल्यास त्याला फारसा दोष देता येणार नाही.

आठवणीतला जुना पत्ता

प्रत्येक वेळी मूळ सर्व्हरपासून विचारपूस करावी लागली असती तर कारभार ठप्प झाला असता. म्हणून वाटेतील प्रत्येक नाम-सर्व्हर मिळालेले उत्तर काही काळ आठवणीत ठेवतो. किती काळ, हे नावाच्या मालकानेच नोंदीमध्ये सेकंदांत लिहिलेले असते. ८६,४०० असा आकडा असेल तर पुरा एक दिवस, ३०० असेल तर पाच मिनिटे.

भवानी पेठ व नाना पेठेतील घाऊक व्यापार गुलटेकडीला हलला तेव्हा जुना ग्राहक काही दिवस सवयीने जुन्या दुकानापाशीच जाऊन उभा राहत असेल, अशी कल्पना केल्यास या आठवणीचा तोटाही ध्यानात येतो. गाळ्याचा आयपी पत्ता बदलला आणि नोंद लगेच दुरुस्त केली, तरी ज्यांच्या नाम-सर्व्हरने कालचे उत्तर जपून ठेवले आहे त्यांना मुदत संपेपर्यंत जुनाच पत्ता मिळत राहतो. म्हणूनच सासवडला संकेतस्थळ उघडत नाही आणि मंचरला उघडते, असे चमत्कारिक दृश्य दिसते. पत्ता बदलावयाचा हे आधी ठाऊक असेल तर जुनी मुदत एकदा पूर्ण उलटेल इतके अगोदर आकडा ३०० पर्यंत खाली आणावा व बदल झाल्यावर पुन्हा वाढवावा. बदल झाल्यानंतर आकडा कमी करण्याचा उपयोग नाही. जुनी आठवण जुन्याच मुदतीने पुसली जाते.

याचाच एक पोटप्रकार अनेकांना चकवितो. ‘असे नाव नाही’ हे नकारात्मक उत्तरही नाम-सर्व्हर आठवणीत ठेवतो. नवीन नावाची नोंद होण्यापूर्वीच उत्साहाने ते उघडून पाहिले, तर नोंद झाल्यानंतरही काही वेळ त्याच माणसाला नकार मिळत राहतो, आणि ज्याने घाई केली नाही त्याला मात्र संकेतस्थळ पहिल्या फटक्यात दिसते.

कोणाला दिसत नाही?

तक्रार आली की संगणक बंद करून चालू करण्याकडे सर्वांचा कल असतो. त्याआधी एक प्रश्न विचारावयास हवा. संकेतस्थळ कोणाला दिसत नाही? सर्वांना, काहींना, की केवळ गाळ्यातल्यांना?

गाळ्यातील वायफायवरून घेतलेली परीक्षा येथे निरुपयोगी असते, कारण ती दोन्ही बाजूंनी फसविते. काही राउटर असे असतात की, आतला माणूस बाहेरच्या पत्त्याने पुन्हा आत येऊ लागला तर ते त्याला वळू देत नाहीत. अशा ठिकाणी शेतकऱ्यांना पट्टी नीट दिसत असते आणि पेढीवरील मुनीम मात्र संकेतस्थळ बंद पडल्याची ओरड करतो. उलटही घडते. संगणक बसविणाऱ्याने आतल्यांच्या सोयीसाठी प्रत्येक यंत्रातील ‘होस्ट्स’ नावाच्या फाईलमध्ये नाव व आतला क्रमांक लिहून ठेवलेला असतो. ही फाईल म्हणजे मेन्लो पार्कच्या त्या जुन्या यादीचीच वंशज. आजही प्रत्येक संगणकात ती असते आणि सर्वसाधारणपणे डीएनएसच्या आधी तिचेच ऐकले जाते. ती नोंद असेतो बाहेर जगबुडी झाली तरी गाळ्यात संकेतस्थळ उघडतच राहणार. म्हणून मोबाईलचे वायफाय बंद करून, त्याच्या स्वतःच्या डेटा जोडणीवरून पाहणे हीच खरी परीक्षा. शक्य तर ती दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोबाईलवरून घ्यावी.

पडद्यावर उमटलेला संदेशही नीट वाचावा. बहुतेक लोक तो वाचीत नाहीत. ‘इंटरनेट चालत नाही’ एवढाच त्याचा अर्थ लावतात. वस्तुतः दोष कोठे आहे ते त्यात बरेचसे सांगितलेले असते. नाव सापडले नाही असा संदेश असेल तर प्रश्न डीएनएसचा आहे, सर्व्हरला हात लावण्याचे कारण नाही. जोडणी नाकारली गेली असा संदेश असेल तर हाक कोठल्या तरी यंत्राच्या दारापर्यंत पोहोचली आहे, मात्र त्या दाराशी ऐकणारे कोणी नाही. बहुधा संगणकातील वेब सर्व्हरची आज्ञावलीच बंद पडलेली असते. बराच वेळ चक्र फिरून मुदत संपल्याचे कळले, तर हाक वाटेत हरवली आहे किंवा एखाद्या फायरवॉलने ती मुकाट्याने गिळली आहे. प्रमाणपत्राबद्दल इशारा आला तर वाट खुली आहे, तंटा ओळखीचा आहे.

नोंद तपासण्यासाठी संगणकावर ‘एनएसलुकअप’ ही आज्ञा असते. तिने आपल्या नावाचा क्रमांक आधी नेहमीच्या नाम-सर्व्हरकडून आणि मग ८.८.८.८ अथवा १.१.१.१ या सार्वजनिक नाम-सर्व्हरांकडून विचारून पाहावा. उत्तरे भिन्न आली तर जुन्या आठवणीचा संशय घ्यावा. सर्वत्र ‘असे नाव नाही’ आले तर नोंद पुसली गेली आहे किंवा नावाची मुदतच संपली आहे. नाम-सर्व्हर उत्तर देण्यास असमर्थता दर्शवीत असेल, तर नोंदी एका कंपनीकडून दुसरीकडे हलवितांना जुनी डिजिटल स्वाक्षरी वरच्या शाखेत तशीच राहिली आहे काय, हे पाहावे. स्वाक्षरी जुळत नाही म्हणून ती पडताळणारे नाम-सर्व्हर उत्तर दाबून ठेवतात व न पडताळणारे ते देतात. परिणामी अर्ध्यांना संकेतस्थळ दिसते, अर्ध्यांना नाही.

क्रमांक कोणाचा?

नोंदीतील क्रमांक मिळाला, तरी तो आजही आपला आहे काय, हे पाहावयाचे राहते. लहान जोडणीला कंपनी कायमचा क्रमांक देतेच असे नाही. वीज गेली, राउटर बंद होऊन पुन्हा चालू झाला, की अनेकदा नवा क्रमांक पदरात पडतो. जुना क्रमांक तोपर्यंत दुसऱ्याच ग्राहकाला दिला गेलेला असतो आणि पेढीची पट्टी पाहू इच्छिणारा शेतकरी कोणा अनोळखी घराचे दार वाजवीत राहतो. यावर उपाय म्हणून क्रमांक बदलताच नोंद आपोआप दुरुस्त करणारी छोटी आज्ञावली संगणकात किंवा राउटरमध्ये बसविता येते. मात्र तीच आज्ञावली परवलीचा शब्द बदलल्यामुळे गुपचूप बंद पडल्याची उदाहरणे काही कमी नसतात.

याहून अवघड अडचण क्रमांकांच्या टंचाईतून उद्भवली आहे. प्रचलित जुन्या पद्धतीत जास्तीत जास्त सुमारे ४२९ कोटी आयपी पत्ते होऊ शकतात. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. आशिया-पॅसिफिक विभागाचा मुक्त वाटपाचा साठाही त्याच वर्षी एप्रिलमध्ये आटला. तेव्हापासून इंटरनेट कंपन्या एकेका सार्वजनिक क्रमांकामागे अनेक ग्राहक बसवू लागल्या. मोठ्या कचेरीत बाहेरचा दूरध्वनी एक आणि आतले विस्तारित क्रमांक अनेक असावेत, तसा हा प्रकार. आतल्याला बाहेर बोलता येते. पण बाहेरच्याने थेट विस्तारित क्रमांक फिरविला तर तो लागत नाही, आणि मधली दूरध्वनीवाली जोडून देण्यास बसलेली नाही.

आपण अशा जोडणीत आहोत की नाही हे पाच मिनिटांत कळते. राउटरच्या पानावर त्याला बाहेरून मिळालेला क्रमांक पाहावा, आणि ‘माझा आयपी पत्ता’ दाखविणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसणारा क्रमांक त्याच्याशी ताडावा. दोन्ही भिन्न असतील, अथवा राउटरवरील क्रमांक १०० ने सुरू होऊन त्याचा दुसरा भाग ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, तर गाळा विस्तारित क्रमांकावर आहे. मग राउटरमध्ये कितीही बदल केले तरी बाहेरचा माणूस आत येणार नाही. जोडणी घेतांना ठीक चाललेले संकेतस्थळ कंपनीने मागाहून केलेल्या बदलामुळे एके दिवशी अचानक बंद पडते ते बरेचदा यामुळेच, आणि त्याचे स्पष्टीकरण तक्रारकेंद्रावरील माणसालाही पुष्कळदा देता येत नाही. तेथे ‘इंटरनेट बंद आहे’ अशी तक्रार न नोंदविता ‘स्वतंत्र, कायमचा सार्वजनिक आयपी पत्ता हवा आहे’ अशी मागणी करावी. त्यास शुल्क पडते. दुसरा मार्ग उलट्या वाटेचा: गाळ्यातील संगणक स्वतः बाहेरच्या एखाद्या भाड्याच्या सर्व्हरशी जोडणी उघडून ती कायम धरून ठेवतो आणि लोक त्या सर्व्हरमार्गे आत येतात. वाट मिळते, पण ‘सर्व काही आपल्या घरात’ हा मूळ हेतू तेवढा मागे पडतो.

आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत पत्त्यांचा तुटवडा नाही आणि देशातील मोठ्या मोबाईल जाळ्यांवर ती सर्रास वापरात आहे. तथापि तिच्यामुळे एक नवा घोटाळा होतो. नावाच्या नोंदीत जुन्या व नव्या पद्धतीचे दोन स्वतंत्र क्रमांक असू शकतात. जुना दुरुस्त केला आणि नव्याकडे दुर्लक्ष झाले, तर कार्यालयातील जोडणीवरून संकेतस्थळ झटकन उघडते आणि शेतातील मोबाईलवर ते अडखळते किंवा उघडतच नाही. शेतकऱ्यांकडे बहुधा मोबाईलच असतो, हे येथे विसरून चालत नाही.

दार आणि ओळखपत्र

क्रमांक बरोबर असेल तर उरते ते दार. संकेतस्थळासाठी ८० व ४४३ ही दोन द्वारे, म्हणजे पोर्ट, वापरली जातात. बाहेरून त्यांवर आलेली हाक आतल्या कोणत्या संगणकाकडे द्यावयाची हे राउटरला सांगून ठेवावे लागते. आतल्या संगणकाचा क्रमांक, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०, राउटरच वाटतो आणि नवा छपाईयंत्र किंवा कॅमेरा जोडला गेला की तो बदलूही शकतो. मग राउटर पट्टीची मागणी इमानेइतबारे छपाईयंत्राकडे पाठवीत राहतो! सर्व्हरचा आतला क्रमांक राउटरमध्ये राखून ठेवला की हा घोळ टळतो. काही कंपन्या घरगुती जोडणीवर ८० क्रमांकाचे द्वार बंद ठेवतात, तेही विचारून घ्यावे.

कुलपाच्या चिन्हासाठी लागणारे प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’सारख्या संस्थेकडून विनामूल्य मिळते. त्याची मुदत नव्वद दिवसांहून अधिक नसते व नूतनीकरण आपोआप व्हावे अशी योजना असते. नूतनीकरणाच्या वेळी ती संस्था अनेकदा ८० क्रमांकाच्या द्वारावरूनच पडताळणी करते. ते द्वार मध्यंतरी बंद झाले तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. बिघाड काही आठवड्यांनी, प्रमाणपत्र संपल्यावर दिसतो आणि तेव्हा कोणालाही जुना बदल आठवत नाही. डीएनएसमध्ये विशिष्ट नोंद करून पडताळणी करून घेण्याचीही सोय आहे, ती अशा जागी अधिक बरी.

घाईत आणखी एक चूक होते. काहीच उमगत नाही म्हणून फायरवॉल पूर्ण बंद केली जाते, अथवा राउटरवरील सर्वच द्वारे त्या संगणकाकडे वळविली जातात. दूरस्थ डेस्कटॉपचे ३३८९ क्रमांकाचे द्वारही त्यात उघडे पडते. ज्या संगणकावर पेढीचा हिशेब आहे त्याच संगणकावर हे घडले, तर पट्टी न दिसण्याची तक्रार परवडली असे म्हणावयाची पाळी येते. पट्ट्या दाखविणारा संगणक वेगळा आणि हिशेबाचा वेगळा ठेवणे, जुने यंत्र का असेना, अधिक शहाणपणाचे. ज्या पेढीला केवळ रोजचे भाव लावावयाचे आहेत, पट्ट्या दाखवावयाच्या नाहीत, तिने तर स्वतःचा सर्व्हर चालविण्याच्या फंदात पडूच नये. भाड्याची जागा तिला पुष्कळ झाली.

राहता राहिला नावाचा ताबा. गाळ्याचा परवाना, वजनकाट्यावरील शिक्का, विक्रीची वही हे सारे पेढीच्या नावे असते. परंतु संकेतस्थळाचे नाव मात्र ते बसवून देणाऱ्या तरुणाच्या खात्यावर, त्याच्या ई-मेलवर नोंदविलेले आढळते. नूतनीकरणाची सूचना त्याला जाते, आणि तो नोकरीसाठी बंगळूरला गेलेला असतो. मुदत संपल्यावर काही दिवसांची सवलत मिळते, त्यानंतर नाव सोडवून घेण्यास अधिक पैसे लागतात, आणि अखेरीस ते कोणालाही घेता येते. म्हणून नाव कोणत्या कंपनीकडे नोंदविले आहे, ते कोणाच्या खात्यावर आहे, त्याची मुदत कधी संपते, नोंदी कोठे ठेवल्या आहेत आणि राउटरमध्ये कोणता क्रमांक राखून ठेवला आहे, एवढी पाच उत्तरे पेढीच्या खतावणीच्या पहिल्या पानावर शाईने लिहिलेली असावीत. शनिवारी रात्री सासवडहून दूरध्वनी येतो तेव्हा संगणक बसविणारा जागेवर नसतो, पण खतावणी असते.